पाल कुठे ठोकायचं, आणि रात्री उठवायचं कोणी?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

पूर, वीज, ऊन यांबद्दलच्या सरकारी सूचना वाचल्या की एक गोष्ट लक्षात येते. "घराबाहेर पडू नका", "दारं-खिडक्या लावून घ्या", "मौल्यवान वस्तू माळ्यावर ठेवा". या सगळ्या सूचना घर आहे असं धरून लिहिलेल्या. पालावर, वीटभट्टीच्या खोपटात, एसटी स्टँडच्या बाकड्यावर नाहीतर बाजाराच्या ओट्यावर झोपणाऱ्यानं काय करायचं, हे विचारणारी पत्रं यावेळी बरीच आली. त्यातली निवडक इथे घेतली आहेत.

प्रश्न : आमचं गाव वैनगंगेच्या काठी आहे. दिवाळीनंतर नदीलगत आठ-दहा पालं पडतात. पूर्वी मृग लागायच्या आत ही मंडळी उठून जायची. आता तीन-चार बिऱ्हाडं पोरांच्या शाळेपायी पावसाळ्यातही राहतात. ग्रामपंचायतीनं त्यांना जागा कुठे द्यावी? (ग्रामपंचायत सदस्य, ब्रह्मपुरी तालुका)

उत्तर : नकाशा उघडण्याआधी पुराची खूण शोधा. बाभळीच्या फांद्यांत अडकलेल्या चिंध्या आणि तणस, शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीवरचा गाळाचा पट्टा, जुन्या माणसांनी बोटानं दाखवलेली पायरी. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस आलेल्या पुराची रेघ तुमच्या भागात अजून सांगता येते. त्या रेघेच्या वर निदान पुरुषभर उंच असेल तीच जागा द्या. त्या पुरात एक गोष्ट उघडी पडली. पाऊस मुख्यतः वर, मध्य प्रदेशात झाला होता. तिकडचं पाणी आणि गोसीखुर्द धरणाच्या 33 दरवाजांतून होणारा विसर्ग एकत्र आला की इथलं आभाळ मोकळं असतानाही नदी चढते. "पाऊस नाही, मग पूर कुठला?" या हिशेबात पालावरची माणसं फसतात, आणि गावातलीही.

दुसरी चूक नाल्याची. लोकांचं लक्ष नदीकडे असतं. पण नदी भरली की नाल्याचं पाणी तिच्यात शिरत नाही, उलटं मागे दाबतं. हा फुगवटा पालाच्या पाठीमागून येतो आणि बाहेर पडायचा रस्ता आधी बुडवतो. म्हणून जागा पाहताना पालापासून गावातल्या उंच भागापर्यंत स्वतः चालत जा. वाटेत रपटा (पुरात बुडणारा ठेंगणा पूल) किंवा नाला ओलांडावा लागत असेल तर ती जागा कितीही उंच असली तरी नको. ती बेट होते.

बऱ्याच गावांत उत्तर समोरच असतं: आठवडी बाजाराचे ओटे. दोन-तीन फूट उंच, वर टिनाचं छप्पर, जवळ हातपंप, आणि बाजार भरतो आठवड्यातून एकदाच. ओटे पुराच्या रेघेच्या वर असतील तर त्यांतले दोन-तीन पावसाळ्यापुरते या बिऱ्हाडांना ठरवून द्या आणि तसा ठराव घ्या. ठरावात नाही, नुसत्या तोंडच्या परवानगीवर राहिले तर पहिल्या भांडणात उठवले जातात आणि पुन्हा नदीवर जातात. टिनाचे नट-बोल्ट मेमध्येच आवळून घ्या. मृगाआधीच्या वावटळीत सैल टिन कोयत्यासारखं उडतं.

ओटे नसतील आणि मोकळ्या जागेवर पाल ठोकायचं असेल तर काळ्या मातीचा स्वभाव लक्षात घ्या. कोरडी असताना हातभर खुंटी पक्की बसते, पण दोन दिवस झड लागली की माती लोण्यासारखी होते आणि खुंटी आपोआप सुटते. दोन फुटांची खुंटी, पालाच्या उलट दिशेला झुकवून ठोकायची. प्रत्येक खुंटीवर रेतीनं भरलेली बोरी ठेवायची. खताच्या रिकाम्या बोऱ्या कुठल्याही गावात मिळतात. पालाभोवती वीतभर रुंद, वीतभर खोल चर खणायचा आणि त्याला उताराकडे तोंड द्यायचं. तोंड न देता नुसतं वर्तुळ खणलं तर पालाभोवती तळं साचतं. हे फार ठिकाणी दिसतं.

आता उठवण्याचं. कोतवाल दवंडी देतो ती गावठाणात. देवळाचा भोंगा वाऱ्याच्या दिशेनं ऐकू जातो. पालावर रात्री फोन बंद असतो, कारण पालात प्लग नसतो. यावर खर्च न लागणारा उपाय असा: पालाजवळच्या किराणा दुकानात किंवा पिठाच्या गिरणीत संध्याकाळी दोन फोन चार्ज करू द्यायचे, हे आधी बोलून ठेवायचं. गावातल्या दोन माणसांची नावं ठरवायची, एक नसेल तर दुसरा. इशारा आला की त्यांनी फोनवर विसंबायचं नाही, पालापर्यंत चालत जायचं आणि प्रत्येक पालातून माणूस बाहेर आलेला डोळ्यांनी पाहायचा. पोलीस पाटलाकडे एका पानावर यादी असू द्या: बिऱ्हाडं किती, पोरं किती, गरोदर बाई, न चालणारं म्हातारं माणूस, शेळ्या, गाढवं. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर 1077. पाणी किती सोडलं ते तिथे विचारता येतं.

आणि निघायची वेळ पाणी ठरवेल असं ठेवू नका. नदीच्या उतारावर एक खांब गाडून लाल पट्टा रंगवा. पाणी पट्ट्याला लागलं की उठायचं, चर्चा नाही. विसर्ग वाढल्याची खबर दुपारी चार-पाचला आली तर पट्ट्याचीही वाट न पाहता उजेडात हलवायचं. वाहतं पाणी गुडघ्याला लागलं तरी मोठ्या माणसाचा पाय उचलतं. अंधारात डोक्यावर गाठोडं आणि कडेवर पोर घेऊन ते पार करायला लावणं म्हणजे माणूस गमावणं.

प्रश्न : "आपत्कालीन पिशवी" तयार ठेवा म्हणतात. ज्याचं सगळं घरच एका पिशवीत आहे, त्यानं वेगळं काय भरायचं? (आशा कार्यकर्ती, भंडारा जिल्हा)

उत्तर : प्रश्न रास्त आहे. इथे पिशवी म्हणजे जास्तीचं सामान नव्हे. आहे त्यातलं जे सोडून जायचं नाही ते वेगळं बांधायचं, एवढंच. वजन पाच किलोच्या वर जाऊ नये, कारण दुसऱ्या हातात पोर असतं.

दोन लिटर पाणी म्हणजे दोन किलो तिथेच गेले. मग एक किलो फुटाणे आणि अर्धा किलो गूळ: न शिजवता दोन-तीन माणसांचे दीड-दोन दिवस निघतात. ओआरएसच्या चार पुड्या, आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात मिळतात. एक मोठी पुडी एक लिटर पाण्यात. ग्लासभर पाण्यात अख्खी पुडी घातली तर मीठ जास्त होऊन पोराचं अधिक बिघडतं. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. दुकानातली गोड खोक्यातली पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. रोजच्या गोळ्या असतील (बीपी, शुगर, फिट, टीबी) तर सात दिवसांच्या. टीबीची गोळी पुरात चुकली तर पुढे औषधच लागू पडेनासं होऊ शकतं. आगपेटी मेणबत्तीच्या मेणात बुडवलेली, टॉर्च, शिट्टी, दहा हात दोरी, बाईचं पाळीचं कापड. शिट्टीला हसू नका. अंधारात ओरडून घसा दहा मिनिटांत बसतो, शिट्टी रात्रभर वाजते.

कागदांसाठी दुधाच्या दोन पिशव्या धुऊन, पूर्ण वाळवून घ्या. आधार, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक, जातीचा दाखला, पोरांचा शाळेचा दाखला एका पिशवीत घालायचा. तोंड दोनदा दुमडायचं आणि दुमड मेणबत्तीच्या ज्योतीपासून बोटभर अंतरावर धरून चिकटवायची. ज्योतीत धरली तर भोक पडतं. ती दुसऱ्या पिशवीत उलट्या तोंडानं घालून पुन्हा चिकटवा. सायकलची जुनी ट्यूब हातभर कापून, दोन्ही टोकं दुमडून आवळली तरी तेच काम होतं आणि ती कमरेला बांधता येते. पिशवी खांबाला टांगलेली नको, उशाशी हवी. सगळ्या कागदांचे फोटो गावातल्या एका भरवशाच्या माणसाच्या फोनमध्येही असावेत. कार्ड वाहून गेलं तरी रेशन थांबायचं कारण नाही. एक देश एक रेशन कार्ड योजनेत आधार जोडलेलं असेल तर दुसऱ्या गावच्या दुकानातही अंगठ्यावर धान्य मिळतं.

प्रश्न : माझे काका मेंढरं घेऊन यवतमाळ भागात फिरतात. पाल बांबूचं आहे, लोखंड नाही, म्हणून वीज पडणार नाही असं ते म्हणतात. खरं आहे का? (विद्यार्थी, पुसद तालुका)

उत्तर : नाही. वीज धातू पाहून येत नाही, ती उंची आणि मोकळं रान पाहते. ओला बांबूही वीज वाहून नेतो. पाल लोखंडी पाइपचं असो की बांबूचं, विजेपासून आडोसा म्हणून त्याची किंमत शून्य. मोबाइल खिशात असल्यानं वीज ओढली जाते हीही कंडीच आहे. फोन बंद करून झाडाखाली उभं राहणारे दोन्हीकडून चुकतात.

मारतं ते झाडच. वीज झाडावर पडते, बुंध्यातून उतरताना शेजारच्या माणसावर उडी घेते, आणि उरलेली जमिनीतून पसरते. जमिनीतून जाताना दोन पायांमध्ये जितकं अंतर तितका झटका मोठा. मेंढराच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त असतं, म्हणून झाडाखाली गोळा झालेला कळप एका फटक्यात पडतो आणि कडेचा माणूस कधीकधी वाचतो. मेंढरं झाडाखाली कोंबायची नाहीत, खोलगट जागी पांगू द्यायची.

काकांना मोजायला शिकवा. लखलखाट दिसल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजायचे, तिनानं भागायचं, तितके किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, म्हणजेच पुढची आपल्यावरही पडू शकते. तेव्हाच निघायचं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. पाऊस थांबला म्हणून लगेच मेंढरं वळवायला जाणं हीच नेहमीची चूक.

जायचं कुठे? शाळा, समाजमंदिर, पक्कं घर. नाहीतर एसटी, बंद काचांची जीप, ट्रकची केबिन. ट्रॅक्टर, दुचाकी, बैलबंडी चालत नाही. टिनाचा उघडा शेडही नाही. तारेच्या कुंपणापासून आणि तळ्यापासून लांब. काहीच नसेल तर झाडांपासून दूर खोलगट जागी, टाचा जुळवून उकिडवं बसायचं, हात कानांवर. आडवं पडायचं नाही. माणसांनी एकमेकांना धरून बसायचं नाही, पंधरा-वीस पावलं अंतर ठेवायचं. हा सुरक्षित उपाय नव्हे, धोका थोडा कमी करणारा आहे.

पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं "दामिनी" हे अॅप आपल्या ठिकाणापासून 20 आणि 40 किलोमीटरच्या आतल्या विजेची सूचना देतं. काकांकडे बटणाचा फोन असेल तर अॅप तुमच्या फोनवर ठेवा, रोज ते कुठल्या गावाच्या शिवारात आहेत ते विचारा आणि तिथे वीज दिसली की फोन करा.

वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज राहत नाही, लगेच हात लावता येतो. श्वास नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी मिनिटाला 100 ते 120 या वेगानं, पाच सेंटीमीटर खोल दाबत राहा आणि 108 ला फोन करा. शेणात किंवा मातीत पुरून ठेवण्यात जो वेळ जातो, तेवढ्यात माणूस जातो.

प्रश्न : तालुक्याच्या एसटी स्टँडवर दोन-तीन म्हातारी माणसं कायमची झोपतात. गेल्या मेमध्ये त्यातले एक दगावले. आम्ही दुकानदारांनी काय करायला हवं होतं? (पानठेलाचालक, वर्धा जिल्हा)

उत्तर : बहुतेक वेळा एकच घोटाळा होतो: माणूस बरळतो, झोकांड्या खातो, आणि सगळे म्हणतात पिऊन पडला. एप्रिल-मेमध्ये दुपारी बरळणारा माणूस दिसला की आधी अंगाला हात लावायचा. अंग भाजत असेल, नाव-गाव नीट सांगता येत नसेल, तर तो उष्माघात. मग तो प्यायलेला असला तरी. उलट दारूनं अंगातलं पाणी आणखी कमी होतं, म्हणून त्याला धोका जास्त. अंगात ताप 40 अंश सेल्सिअसच्या वर गेला की मेंदूवर परिणाम सुरू होतो आणि रुग्णवाहिकेची वाट पाहण्याइतका वेळ राहत नाही.

108 लावा आणि तिथेच थंड करायला घ्या. सावलीत ओढा, सदरा काढा, बादलीनं अंगभर पाणी ओता, पुठ्ठ्यानं वारा घाला. नुसता पंखा 45 अंशांत गरम हवाच फेकतो. अंग ओलं असेल तरच वाऱ्याचा उपयोग. पानठेल्यावर थंड पाण्याचे पाऊच असतातच: चार पाऊच काखांत, मानेला, जांघेत ठेवा. शुद्ध हरपली असेल तर कुशीवर वळवा आणि तोंडात काही घालू नका, पाणीही नाही. ते छातीत जातं. तापाची गोळी इथे काम करत नाही. कांदा हातात घासणाऱ्याला घासू द्या, पण पाणी ओतणारा हात त्यासाठी थांबता कामा नये.

आधीची तयारी फार साधी आहे. पाणपोई संध्याकाळी बंद होते आणि कँटीनला कुलूप लागतं. रात्री स्टँडवर पाणी नसतं आणि टिनाखाली पहाटेपर्यंत तापतं. नळ लावलेला एक माठ रात्रीही भरलेला ठेवा. तिसऱ्या प्रहरी पश्चिमेचं ऊन बाकड्यांवर येतं, तिथे ग्रीन नेट नाहीतर ओलं गोणपाट टांगा. छतावर चुन्याचा पांढरा हात दिला तर खालचा ताप कळण्याइतका कमी होतो. मानसिक आजाराच्या काही गोळ्यांनी घाम कमी येतो आणि बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते. अशा माणसाला नवतपात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) रोज दोनदा कोणीतरी हाक मारायला हवी. दुकानदारांनी वार वाटून घ्यावेत: सकाळी अकराला एक, चारला एक.

प्रश्न : पुरात आमच्या शाळेत निवारा उघडतात. पालावरचे लोक आले की गावकरी कुरकुरतात, आणि बोलावलं तरी ते लोक येत नाहीत. (मुख्याध्यापिका, गडचिरोली जिल्हा)

उत्तर : कुरकुरीला कायद्यात उत्तर आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 च्या कलम 61 नुसार मदत देताना जात, समुदाय, वंश, धर्म, लिंग यांवरून भेद करता येत नाही. हे वाक्य मोठ्या अक्षरात लिहून दारावर लावा. वाद तुमच्याशी न होता कागदाशी होतो.

ते येत नाहीत याचं कारण बहुधा जनावरं. शेळ्या, कोंबड्या, गाढव हीच त्यांची बँक. "माणसं आत, जनावरं बाहेर" म्हटलं की घरातला एक जण तरी मागे थांबतो, आणि बुडतो तो तोच. शाळेच्या मागे उंचवट्यावर दोरीचा वाडा करा आणि तणस टाका, माणसं आपोआप येतात. दुसरं कारण चोरीचा आळ. आल्या-आल्या प्रत्येक बिऱ्हाडाला एक वर्ग किंवा खडूनं आखलेला कोपरा द्या, माणशी साडेतीन चौरस मीटर धरून, म्हणजे कोणाचं सामान कोणाच्यात मिसळत नाही. पाणी माणशी दिवसाला 15 लिटर धरा, पिणं आणि वापरणं मिळून. बायकांच्या संडासाला आतून कडी आणि वाटेवर उजेड हवा. तो नसेल तर पोरी रात्रभर पाणी न पिता बसतात.

प्रश्न : वीटभट्टीवर आम्ही खालीच झोपतो. सापाचं काय करावं? (चंद्रपूर जिल्हा)

उत्तर : खाली झोपणाऱ्याचा वैरी मण्यार. रात्री चावतो, दुखत नाही, सुजत नाही, कधी व्रणही दिसत नाही. पहाटे पोटात कळ, गिळायला त्रास, पापण्या जड झाल्या तर सापच धरून चाला. मच्छरदाणी लावा आणि तिची कड गोधडीखाली चारी बाजूंनी दाबा. नुसती टांगलेली मच्छरदाणी डासांपुरती. धान्य डोक्याशी ठेवू नका, उंदरामागे साप येतो. विटांच्या थप्पीपासून लांब झोपा. चावलाच तर आवळून बांधणं नाही, ब्लेड नाही, चालणं नाही. चावलेला हात किंवा पाय फळीला सैल बांधून, दुचाकीवर दोघांच्या मध्ये बसवून ग्रामीण रुग्णालय गाठा. निघतानाच तिथे सापाची लस आहे का ते फोनवर विचारा, म्हणजे चुकीच्या दवाखान्यात तास जाणार नाही.

प्रश्न : पाल वाहून गेलं तर काही मिळतं का? (यवतमाळ जिल्हा)

उत्तर : मिळतं, पण पंचनामा झाला तर. केंद्राच्या 2022 ते 2026 च्या निकषांत प्लॅस्टिक, गवत, माती यांची झोपडीही मोजली होती: नष्ट झाल्यास 8,000 रुपये. कपड्यांसाठी कुटुंबाला 2,500 आणि भांड्यांसाठी 2,500. माणूस दगावल्यास वारसाला 4 लाख. वीज पडून मृत्यू झाला तरी राज्यात ही मदत आहे. निकष बदलत असतात, म्हणून अर्ज करताना तहसीलमध्ये चालू रक्कम विचारा.

अडतं ते इथे: पालवाले दुसऱ्या दिवशी उरलंसुरलं उचलून पुढच्या गावी जातात आणि तलाठी येतो तेव्हा जागेवर काहीच नसतं. म्हणून हलण्याआधी जागेचे, तुटलेल्या खांबांचे, भिजलेल्या धान्याचे फोटो काढा, पोलीस पाटलाची सही घ्या आणि तलाठ्याला कळवल्याची तारीख लिहून ठेवा. मृत्यूत शवविच्छेदन टाळून माती दिली तर दावा बहुधा तिथेच संपतो. दुःखात हे सांगणं जड जातं, पण कोणीतरी त्याच वेळी सांगायला हवं.

प्रश्न : थंडीत पालात शेकोटी ठेवली तर चालते का? (गोंदिया जिल्हा)

उत्तर : पालाच्या आत नाही. ताडपत्रीला ठिणगी लागली की ती वितळत अंगावर गळते आणि कातडीला चिकटते. निखाऱ्याची घमेली आत घेऊन तोंड बंद केलं तर वास न येणारा विषारी वायू साचतो आणि झोपेतच माणूस जातो. तुमच्याकडे धान निघाल्यावर तणस भरपूर. जमिनीवर आधी मेनकापड, त्यावर वीतभर जाड कोरडं तणस, मग गोधडी. थंडी वरून जितकी लागते त्याहून जास्त खालून चढते. शेकोटी दहा पावलांवर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला, आणि झोपण्याआधी तिच्यावर माती.